वास येईनासा झाला तेव्हा

"मामा, किप संपला वाटतं. वासच येत नाही आता."

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गॅसरूमच्या दारातून म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. डिसेंबर २००६. तालुक्याच्या कॉलेजात मी केमिस्ट्रीचा लॅब अटेंडंट. सॉल्ट ॲनालिसिसचं, म्हणजे दिलेल्या क्षारात काय आहे ते ओळखायचं प्रॅक्टिकल होतं. त्यात धातूंच्या दुसऱ्या ग्रुपच्या तपासणीला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू लागतो, म्हणून सकाळीच किपमध्ये, म्हणजे वायू बनवायच्या तीन काचेच्या फुग्यांच्या उपकरणात, फेरस सल्फाइडचे खडे भरून ॲसिड ओतलं होतं. तासाभरापूर्वी कुजक्या अंड्यांचा वास पार व्हरांड्यापर्यंत येत होता. मी सारखा आतबाहेर करत होतो, आणि आता मलाही तो येईना.

हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग एवढा जरी हा वायू असला तरी नाकाला कळतो. पण १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास पोचला, की काही मिनिटांतच नाक बधिर होतं. माणसाला वाटतं वायू गेला.

फिल्टर पेपरची पट्टी लेड ॲसिटेटच्या द्रावात बुडवून दारातूनच आत धरली. हा वायू असला की ती काळी पडते. बघता बघता काळीकुट्ट झाली.

"सगळे बाहेर! वह्या राहू द्या, आधी बाहेर या!" मी ओरडलो. सरांनी लॅब रिकामी केली. गॅसरूममध्ये एक मुलगा खाली वाकून टेस्टट्यूब धरून बसला होता. हाकेसरशी उठला खरा, पण दारापर्यंत येताना भिंतीला धरत आला. डोळे लाल, डोकं गच्च धरलेलं. आणखी कुणाला मी आत पाऊल टाकू दिलं नाही. पडलेल्याला ओढायला जाणाराही त्याच्याच शेजारी पडतो, असं या वायूच्या बाबतीत अनेकदा झालेलं आहे. मुलाला सरांच्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेलं. ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतला, सकाळी तो घरी गेला.

खिडक्या मी बाहेरच्या बाजूने काठीने ढकलून उघडल्या आणि ॲसिडचा जोर संपेपर्यंत संध्याकाळपर्यंत कुलूप लावून ठेवलं.

दोष तोटीचा होता. तोटी बंद केली की मधल्या फुग्यात वायू साठतो, त्याचा दाब ॲसिडला खड्यांपासून खाली ढकलतो आणि क्रिया थांबते. तोटीचं ग्रीस वाळलं होतं. वायू झिरपत राहिला, दाब बनलाच नाही, ॲसिड खड्यांवरच राहिलं. तोटीला ग्रीस लावणं माझं काम होतं. आठ दिवस राहून गेलं होतं. ते मला अजून टोचतं.

त्यात एक्झॉस्ट फॅन छताजवळ, आणि त्या वेळी लोडशेडिंगमुळे बंद. हा वायू हवेपेक्षा जड. तो तळाशीच साचला होता, मुलगा वाकून बसला होता तिथे.

पुढे किप काढायचा त्या दिवशी गॅसरूमच्या दाराच्या आत लेड ॲसिटेटची ओली पट्टी टांगायची, ती गुडघ्याच्या उंचीवर, हे मी निवृत्त होईपर्यंत चुकवलं नाही.