पांढऱ्यावर पांढरं

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री माझा मावसभाऊ सीएसटीवर होता. मित्राला गाडीत बसवून द्यायला गेलेला. त्या स्टेशनात अतिरेक्यांच्या हल्ल्यात 58 माणसं गेली. दादा वाचला, थेट बेळगावजवळच्या कंग्राळीला आला आणि परत मुंबईला गेलाच नाही. कुणी विचारलं तर "होतो की तिथं" एवढंच म्हणायचा आणि तंबाखू मळत बसायचा.

मी बेळगावात ड्रॉइंग शिकवतो. पुढच्या वर्षी पाच फुटी कॅनव्हास ताणला. धूर, बंदुका, विखुरलेल्या बॅगा; लाल रंगाच्या दोन ट्यूबा संपवल्या. दादाला बोलावून दाखवलं. तो जरा वेळ बघत उभा राहिला. "हे न्हवं की रे. हे टीव्हीवरचं हाय," म्हणाला आणि चपला घालून गेला.

बरोबरच होतं. त्या रात्री मी घरात टीव्हीसमोरच तर बसलो होतो. कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला, तो बरीच वर्षं तसाच.

पुढं जर्मन चित्रकार गेरहार्ड रिक्टरचं 'सप्टेंबर' छापील बघायला मिळालं. 11 सप्टेंबर 2001 ला विमानं आदळलेल्या न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर 2005 साली केलेलं चित्र, पण जेमतेम 52 बाय 72 सेंटिमीटर, म्हणजे घरच्या टीव्हीएवढं. आधी त्यानं ज्वाळा चांगल्या भडक रंगवल्या होत्या, मग सुरीनं रंग खरवडून काढला. माझ्या दोन ट्यूबा आठवल्या. अमेरिकन कलाकार एरिक फिशलचं उलटं झालं. मनोऱ्यावरून पडणाऱ्या माणसांसाठी त्यानं ब्राँझची कोसळती बाई केली. 2002 मध्ये ती न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर सेंटरमध्ये ठेवली आणि लोकांना बघवेना म्हणून काही दिवसांत झाकून हलवली. शिल्प चांगलं आहे असं माझं मत. पण ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी येता-जाता ते का बघावं? याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

वाट दाखवली ती बंगाली चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांनी. 1943 चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी बघितलेला हा माणूस. सत्तरच्या दशकात त्यांनी 'वुंड्स' ही मालिका केली. पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच जखमा: चिरा, भोकं, फुगवटे. ना चेहरा, ना बंदूक. उजेड बाजूनं पडला तरच दिसतं.

तेच तंत्र धरायचं ठरवलं. खानापूरहून कुंभाराची माती आणली, पाटासारखी थापली आणि सुरीनं, तापलेल्या सळईनं चिरली. त्यावर सिमेंट ओतून साचा घेतला. मातीतली चीर साच्यात उंचवटा होते आणि साच्यात दाबलेल्या कागदाच्या लगद्यात परत चीर होऊन येते. कागदावर हत्यार चालवायचंच नाही. सुती चिंध्या आणि कोरे कागद रात्रभर भिजवून लगदा केला, त्यात घरचा मिक्सर जळाला. (त्याची बोलणी अजून चालू आहेत.) पहिला कागद साच्याला असा चिकटला की छिन्नीनं काढावा लागला, साच्याला तेल लावायचं असतं हे तेव्हा कळलं. दुसरा जुलैत दाबला. बेळगावचा जुलै! आठ दिवस कागद ओला तो ओलाच, नवव्या दिवशी काळी बुरशी. मग गप दिवाळीपर्यंत थांबलो.

नवी माती थापली तेव्हा दादा आला होता. मी 58 चिरा मोजून मारत होतो. बारा-तेरा झाल्यावर म्हणाला, "मोजायलास काय?"

"होय."

"तिथं कोण मोजत न्हवतं."

सुरी मागून घेतली आणि कोपऱ्यात एकच चीर मारली, आडवी, लांब, शेवटाला वर वळलेली. काय ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी माझ्या चिरा अंगठ्यानं बुजवल्या. पुरत्या बुजल्या नाहीत, त्यांचे वळ कागदावर उमटलेच.

टिळकवाडीतल्या एका प्रदर्शनात तो कागद लावायचा ठरला, तर आयोजकांचा घोळ पाटीवर: वर कन्नड की वर मराठी? आमच्याकडं हे नेहमीचंच. दोन मीटिंगा झाल्या. शेवटी मीच म्हटलं, पाटीच नको. मला फक्त एक दिवा हवा होता, डाव्या बाजूनं, खाली. तो मिळाला.

बरेच लोक कोरा कागद समजून पुढं जात होते. एक शाळकरी पोरगी मात्र थांबली आणि दादाच्या चिरेवरून बोट फिरवू लागली. आयोजक धावले, "हात लावायचा नाही!"

दादा दारात उभा होता. "लावू दे की," म्हणाला. मग मला म्हणाला, "चल, च्या पिऊन येऊ."