किल्डेअरचा ब्रिजिड दिन : मुक्काम ३१ जानेवारीचाच धरा

तारखेचा घोळ आधी निस्तरू. आयर्लंडमधल्या किल्डेअर गावाची ख्रिस्ती संत स्त्री सेंट ब्रिजिड, तिचा सण १ फेब्रुवारीला असतो. २०२३ पासून त्यानिमित्त मिळणारी सरकारी सुट्टी मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येते. १ तारीख शुक्रवारी आली, तरच सुट्टी त्या दिवशी. २०२७ मध्ये दोन्ही एकत्र आहेत, पण २०२८ मध्ये सण मंगळवारी आणि सुट्टी थेट ७ तारखेला. सुट्टी बघून तिकिटं काढणाऱ्याच्या हाती नुसता लाँग वीकेंड लागतो. त्यातही सणाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. जुन्या रिवाजाप्रमाणे घरोघरी एक कापड बाहेर झुडपावर टाकून ठेवतात. रात्रीतून ब्रिजिड जाता जाता त्याला आशीर्वाद देते, मग तो 'ब्रिजिडचा शेला' वर्षभर डोकेदुखीवर डोक्याला गुंडाळायचा.

किल्डेअरला डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन आहे, साधारण पाऊण तासाची. न्यूब्रिज सोडल्यावर खिडकीबाहेर कुरहाचं सपाट गवताळ माळरान लागतं, ते चुकवू नका. राजानं ब्रिजिडला म्हटलं, तुझ्या शेल्याखाली मावेल तेवढी जमीन घे. शेला पसरत गेला आणि हे सगळं माळरान तिचं झालं, अशी कथा आहे. शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही, हे मात्र घरून निघण्याआधीच बघायचं.

गाव छोटं आहे. चौकातल्या खांबावर ब्रिजिडची ज्योत आहे. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सनं लिहून ठेवलंय की इथल्या १९ जोगिणी आळीपाळीनं अग्नी राखत आणि विसाव्या रात्री तो खुद्द ब्रिजिड राखत असे. विझलेली ती ज्योत १९९३ मध्ये ब्रिजिडाईन सिस्टर्सनी (ब्रिजिडच्या नावाचा जोगिणींचा संघ) पुन्हा पेटवली. जुन्या अग्निगृहाचा पाया कॅथीड्रलच्या आवारात दिसतो. शेजारचा गोल मनोरा सुमारे ३३ मीटर उंच आहे, पण त्यावर चढायचं तर उन्हाळ्यातच यायला हवं. फेब्रुवारीत तो खालूनच बघावा.

ब्रिजिडच्या नावाची टलीची पवित्र विहीर गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, नॅशनल स्टड या घोड्यांच्या पैदास केंद्राच्या बाजूला आहे. रस्ता अरुंद, गाड्या जवळून जातात. अंधार सव्वापाचलाच पडायला लागतो, म्हणून दुपारीच जाऊन या. संध्याकाळच्या कार्यक्रमाला गेलात तर टॉर्च आणि चिखलात चालणारे बूट हवेत. विहिरीजवळच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या असतात. चिंधी कुजते तसं दुखणं जातं, अशी त्यामागची समजूत. म्हणूनच नायलॉनची रिबीन बांधणं दोन्हीकडून वाया : ती कुजत नाही, वर फांदीला काचते. बांधायचीच तर सुती कापडाची बोटभर पट्टी, तीही सैल.

आता ब्रिजिडचा क्रॉस, म्हणजे तिच्या सणाला काड्यांचा विणतात तो. हा विकत घेण्यापेक्षा विणायला शिकावा; किल्डेअरमध्ये या दिवसांत कार्यशाळा असतात, जागा आधी धरून ठेवा. लागतो तो रश, आपल्या लव्हाळ्यासारखा पाणथळ जागी उगवणारा. तो कापत नाहीत, उपटतात. हातभर लांबीच्या, सारख्या जाडीच्या १६ काड्या पुरेत. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. अंगठ्यानं मध्य दाबून सगळं डावीकडे एक चतुर्थांश फिरवा, म्हणजे उजवीकडची टोकं वर येतील. तिसरी दुमडून या वर आलेल्या टोकांभोवती अडकवा, टोकं पुन्हा उजवीकडे. असंच फिरवत आणि अडकवत जायचं, प्रत्येक काडी आधीच्या काडीला खेटून.

बिघडतं ते तीन ठिकाणी. फिरवण्याची दिशा मध्येच बदलली की मधला चौकोन बनत नाही. अंगठा सुटला की सगळं विस्कटतं. आणि काडी वाळलेली असेल तर दुमडताना तडकते. अशा काड्या थोडा वेळ ओल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात. ताजा रश सुकताना आकसतो, म्हणून प्रत्येक वेढा वाटतो त्याहून घट्ट ओढायचा. चारही हात टोकाशी दोऱ्यानं बांधून मगच टोकं कापून सारखी करा, आधी नाही. क्रॉस दाराच्या वर लावतात. आग आणि भूक घराबाहेर राहते, असं मानतात. आयरिश टीव्हीनं १९६१ पासून तीसेक वर्षं हाच आपल्या बोधचिन्हात मिरवला.

हिरवा क्रॉस बॅगेत प्लास्टिकमध्ये बांधू नका, बुरशी येते. कागदात गुंडाळून सुकू द्या, आणि भारतात उतरल्यावर कस्टम्सला वनस्पतीची वस्तू म्हणून सांगून टाका.