भट्टीच्या उजेडात

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनाविषयी लिहितील. मला लिहायचे आहे ते तांत्रिक विभागातील लोहारकामाच्या भट्टीविषयी, कारण पुढे फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेले लोखंड ठोकून घडवण्याच्या, कारखान्यात कामगारांना तापमान ओळखायला शिकवण्याचे जे काम माझ्याकडे आले, त्याचा पाया तिथे घातला गेला.

भाता सुरू होण्याआधी कार्यशाळेचे सर पश्चिमेची खिडकी लावून घेत. तापलेले लोखंड उन्हात असते त्यापेक्षा थंड दिसते आणि काळोखात जास्त तापल्यासारखे भासते, हे त्यांनी एकच सळई दारात आणि कोपऱ्यात धरून आम्हाला दाखवले होते. कारखान्यात माझी पहिली सूचना हीच असे, की भट्टीच्या तोंडाशी दिवसपाळी-रातपाळीला उजेड शक्यतो सारखा ठेवावा.

साध्या कार्बन पोलादाची घडण साधारण १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला, म्हणजे फिकट पिवळ्या रंगावर, सुरू करतात आणि ८५० ते ९०० अंशांच्या आसपास थांबवतात. वरची मर्यादा नवा माणूस लवकर शिकतो, कारण ती फार ओलांडली की पोलाद ठिणग्या टाकत जळते आणि असा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, थेट भंगारात जातो. खालची मर्यादा शिकवणे मात्र जिकिरीचे. जॉब लाल झाला तरी हॅमरखाली दबतो, पाळीचे उत्पादन भरायचे असते, आणि ‘साहेब, अजून दोन ठोके बसतील’ असे म्हणणारा कामगार आळशी नव्हे तर चांगला कष्टाळू असतो. पण इतक्या निवलेल्या जॉबवर ठोकल्याने चीर पडते ती नंतर तपासणीत सापडते, आणि डाय, म्हणजे आकार देणारा साचा, झिजते ती वेगळीच.

माझी पद्धत सोपी होती. कामगाराने रंग पाहून आकडा सांगायचा, तो फळ्यावर लिहायचा आणि मगच पायरोमीटर, म्हणजे दुरून तापमान मोजणारे उपकरण, लावायचा, तोही तापलेल्या पोलादावर धरलेली ऑक्साइडची पपडी ब्रशने झाडल्यावर, कारण वरची पपडी आतल्या धातूपेक्षा थंड असते. जाड बिलेटचा, म्हणजे घडवायच्या पोलादी ठोकळ्याचा, गाभा मात्र डोळ्याला दिसत नाही आणि पायरोमीटरलाही नाही. घाईने तापवलेली एक बिलेट मी मुद्दाम हॅमरखाली दिली, तेव्हा बाहेरचा थर पुढे सरकला, मधला भाग मागे राहिला आणि टोकाला वाटीसारखा खळगा पडला. त्यानंतर भट्टीत माल मुरू देण्याच्या वेळेवरून कोणी वाद घातला नाही.

आता विजेने धातू तापवणारे इंडक्शन हीटर आले आहेत आणि कमी-जास्त तापलेली बिलेट यंत्रच बाजूला काढते. तरीही पायरोमीटरच्या काचेवर धूळ बसली की आकडा कमी दिसतो, त्या आकड्यावर चालणारे यंत्र वीज वाढवते आणि पडद्यावर सारे ठीक असताना बिलेट पांढुरकी होऊन बाहेर येते. हे सर्वांत आधी हॅमरवरच्या माणसाला दिसते. म्हणून लाइन थांबवण्याचे बटण पर्यवेक्षकाच्या खोलीत न ठेवता हॅमरवरच्या माणसाच्या हाताशी असावे, असा आग्रह मी निवृत्त होईपर्यंत धरला.