38 तासांवर मशीन उघडली, त्याची नोंद

दाभोळच्या खाडीत असलेल्या माझ्या 16 फुटी फायबर होडीची ही या मोसमातली शेवटची नोंद. मशीन म्हणजे होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, 25 एचपीचं, फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरवालं. वहीप्रमाणे आजवर चाललेले तास 38. त्यातले 20 पहिल्या सर्व्हिसपर्यंतचे, म्हणजे त्यानंतरच्या दीड वर्षात जेमतेम 18. पुण्याहून महिन्यातून एखादी फेरी होते, आणि त्या दिवशी भरतीची वेळ जुळली नाही तर तीही वाया जाते.

पुस्तिकेत स्पष्ट आहे : 100 तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गेल्या मे महिन्यात मी फक्त 100 तासांकडे पाहिलं. एका मेकॅनिकनेही "एवढ्यात कशाला उघडता" म्हटलं, आणि मशीन तशीच ताडपत्रीखाली गेली. यंदा मात्र 1 जूनची मासेमारी बंदी लागायच्या आत होडी वर ओढली आणि त्याच शनिवारी पान्हे काढले.

शेजारी जाळं आवरत बसलेले तांडेल काका म्हणाले, "आधी पंखा काढ रे. तंगूस गेलाय का बघ." तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. पिन काढून पंखा ओढला. मागे शाफ्टवर तंगुसाचे सात-आठ वेढे होते. आतले वेढे घासून, वितळून एकमेकांना चिकटले होते आणि थेट सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठात घुसले होते. तो नखाने निघेना, ब्लेडने जपून कापला. मग गिअर केसचा, म्हणजे पंख्याच्या गिअरच्या तेलाच्या डब्याचा, खालचा स्क्रू सैल केला. आधी चमचाभर पाणी आलं आणि मागोमाग दुधाच्या चहासारखं तेल. चुंबकाच्या स्क्रूवर करड्या भुकटीचा पातळ थर होता, पण कणी किंवा तुकडा एकही नाही. तेवढ्याने जीव भांड्यात पडला.

हे पाणी कधी शिरलं ते सांगता येणार नाही. तंगूस अडकायला एक फेरी पुरते. गेल्या पावसाळ्याआधीच शिरलं असेल, तर गिअर आणि बेअरिंग चार महिने खाऱ्या पाण्यात बसून होते. म्हणून माझ्यापुरतं ठरलं : सर्व्हिस होडी ठेवताना करायची, नारळी पौर्णिमेनंतर बाहेर काढताना नाही. बिघडलेलं तेल घेऊन मशीन पावसाळाभर उभी करण्यात काहीच फायदा नाही.

तासांचा हिशेब पंख्याला आणि प्लगला ठीक आहे. झिंकला, म्हणजे मशीनचा धातू गंजू नये म्हणून त्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्याला, तो लागू नाही. मशीन बंद असो की चालू, खाली पाण्यात सोडलेली असली की झिंक झिजतंच. दिवाळीनंतर मी ती काही आठवडे खालीच सोडली होती, आता झिंक निम्म्यावर आलंय. बदललं. इंजिन ऑइललाही नाही. आमच्या फेऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्या, मशीन पुरती तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि दमटपणा ऑइलमध्ये उतरतो आणि तिथेच राहतो. काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. कमी चालणाऱ्या मशीनचं ऑइल जास्त टिकतं हे मला आता अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाने खाल्ला. त्यातलं फिरतं रबरी चाक, म्हणजे इंपेलर, काढला तर रबराची पाती एकाच बाजूला वाकलेली, सोडली तरी सरळ होईनात. चालून झिजलेली नव्हती, एका जागी दबून राहून तशी झाली होती. त्याआधी लोअर युनिटचे, म्हणजे मशीनच्या खालच्या, पंख्याकडच्या भागाचे बोल्ट. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारं पाणी, त्यामुळे एक बोल्ट असा धरला होता की पान्हा लावायची भीती वाटत होती. आदल्या रात्री गंजाचं तेल सोडून ठेवलं, सकाळी थोडा ढिला, थोडा घट्ट असं करत अर्ध्या तासाने सुटला. आणखी दोन वर्षं थांबलो असतो तर तो नक्की तुटला असता. वर्षातून एकदा उघडायला एवढं कारण मला पुरेसं आहे. सगळ्या आट्यांना मरीन ग्रीस लावूनच परत बसवले.

पेट्रोलचं थोडक्यात : आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या जुलैत टाकीत ते ठेवणं नको. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरचा बाउल स्क्रू काढून निथळला. त्याआधी मशीन पिंपातल्या गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं चालवली. थंड करून बाहेर पडणारी मागची पाण्याची धार पहिल्या काही सेकंदांत आली, जाड आणि एकसारखी. मोसमाच्या शेवटी ती बारीक झाली होती, तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

राहिलं ते शाफ्टचं सील. ते मागवलंय. बसवून घेतल्यावर हवेचा दाब देऊन गळती तपासायची आहे, आणि पावसाळ्यानंतर पहिल्या पाच तासांनी तेल पुन्हा थोडं काढून पाहायचं. तोवर गिअर केस रिकामी ठेवलेली नाही. खालून नवं तेल भरलं, वरच्या भोकातून बुडबुडे संपून सलग तेल येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावला, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर. मशीन गोठ्यात उभी टांगली आहे.