तुम्ही विचारलंत म्हणून: क्लाउड असताना टॉवरपाशी संगणक कशाला?

पीएचडीचा विषय मोबाइल एज कंप्युटिंग आहे असं सांगितलं, की हा प्रश्न हमखास येतो. क्लाउड आहे की, मग मोबाइलच्या टॉवरपाशी आणखी एक सर्व्हर कशाला?

कारण अंतर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. क्लाउडचे सर्व्हर जिथे असतात ते डेटा सेंटर 1,000 किलोमीटरवर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यात 10 मिलिसेकंद गेले. वाटेतल्या राउटरांचा वेळ वेगळाच. गेमसारखं काही पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं दाखवणार असेल, तर एका चित्राला मिळतात जेमतेम 17 मिलिसेकंद. म्हणून गणनच जवळ, टॉवरपाशी आणायचं; हेच मोबाइल एज कंप्युटिंग. एत्सी या युरोपीय मानक संस्थेनं 2014 मध्ये त्यासाठी वेगळा गट नेमला.

इथवर सगळ्यांना पटतं. माझं काम सुरू होतं ते यानंतर. टॉवरपाशी मावणारा सर्व्हर लहान असतो. फोननं काम स्वतः केलं तर बॅटरी उतरते; सर्व्हरकडे सोपवलं तर बँडविड्थ (डेटा पाठवायची सगळ्यांत वाटली जाणारी क्षमता) आणि सर्व्हरचा वेळ खर्ची पडतो. शिवाय माझ्या फोननं काम पाठवलं, की तुमच्या फोनची रांग लांबते. 30 फोन आणि प्रत्येकाला दोनच पर्याय धरले, तरी 107 कोटींहून जास्त जुळण्या होतात. त्यात माणसं चालत असतात, सिग्नल सतत बदलतो. सर्वोत्तम उत्तर शोधत बसलो तर ते हाती येईपर्यंत शिळं झालेलं असतं. तेव्हा पुरेसं चांगलं उत्तर, पण वेळेत.

पण चांगलं कोणासाठी? सुरुवातीला मी सगळ्यांचा मिळून विलंब कमीत कमी करत होते. सरासरी सुरेख आली. मग एकेका फोनचे आकडे उघडून पाहिले. टॉवरपासून लांबचे, कमजोर सिग्नलचे फोन सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हते. गणिताची त्यात चूक नव्हती: तेवढाच डेटा पाठवायला त्यांना बँडविड्थ जास्त लागते, म्हणून त्यांना वगळलं की बेरीज सुधारते. त्यातल्या एखाद्याचा प्रोसेसरही जुना असेल, तर मदतीची खरी गरज त्यालाच, आणि वगळलाही तोच जातो. हे मला फार लागलं.

मग सगळ्यात जास्त ताटकळणाऱ्याचा विलंब कमी करून पाहिला. सरासरी बिघडली. ती किती बिघडू द्यायची, हे कुठलंही समीकरण सांगत नाही. ते मलाच ठरवावं लागतं, आणि का ठरवलं ते प्रबंधात लिहावं लागतं. आता प्रत्येक आलेखात सरासरीच्या रेघेशेजारी मी सगळ्यात मागे पडलेल्या फोनची रेघही काढते.