तुम्ही विचारलंत म्हणून: रंगकामानंतर हॉर्न का रुसतो

"वायरिंग नवं, बॅटरी नवी, हॉर्न मूळचेच पण टेबलावर खणखणीत वाजले. गाडीवर चढवले आणि गप्प. कधी वाजले तर घसा बसल्यासारखे. असं का?" मॉरिस मायनर, एमजी, जुनी अँबेसिडर अशा गाड्या नव्यासारख्या करून घेणारे हा प्रश्न हमखास विचारतात. तेव्हा आधीच सांगून टाकतो: हॉर्नवर संशय नंतर घ्या, आधी नव्या रंगावर घ्या.

बरेच जण समजतात की बटण दाबलं की करंट हॉर्नकडे जातो. या घराण्यातल्या बहुतेक गाड्यांत गोष्ट उलटी असते. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच उदाहरण घ्या. जांभळी वायर फ्यूजमधून येऊन हॉर्नवर कायम जिवंत (म्हणजे व्होल्टेज असलेली) असते, चावी बंद असली तरी. हॉर्नच्या दुसऱ्या टोकाकडून जांभळी-काळी वायर स्टिअरिंगकडे जाते आणि बटण तिला फक्त अर्थ (अर्थिंग) देतं, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडतं. म्हणजे दोन हॉर्नचा मिळून आठ-दहा अँपिअर करंट बटणाचा पत्रा, स्टिअरिंगचा कॉलम, बॉडी आणि बॅटरीची अर्थ पट्टी असा परत येतो. या वाटेवर जिथे जिथे बोल्ट आहे, तिथे तिथे तुमच्या पेंटरने प्रायमर आणि दोन हात रंग मारलेला असतो. हॉर्नच्या ब्रॅकेटवर पावडर कोटिंग केलं असेल तर विचारूच नका. रंग म्हणजे इन्सुलेशन. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम संपर्क लागला आणि 0.3 ओहम रोध राहिला, तर 8 अँपिअरला 2.4 व्होल्ट तिथेच खर्च होतात. हॉर्नला बारातले उरतात दहा. घसा बसतो तो यामुळे.

आता तपासणी. हॉर्नच्या जिवंत टर्मिनलवर टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा तपासणीचा दिवा) लावा, दुसरं टोक उघड्या लोखंडाला. दिवा लागला नाही तर फ्यूज आणि त्याच्या चिमट्यांतला गंज बघा. लागला, तर एक जाड वायर घेऊन हॉर्नचं दुसरं टर्मिनल थेट बॉडीच्या घासलेल्या जागी टेकवा. वाजला? मग दोष बटण आणि कॉलमच्या बाजूला. नाही वाजला, तर तीच वायर बॅटरीच्या अर्थ पोस्टला लावा. आता वाजला तर बॅटरीची पट्टी जिथे बॉडीला बसते तिथे रंग आहे. इथेही मुकाच राहिला तरच हॉर्न खोला.

अर्थ पोस्ट म्हणजे डोळे झाकून मायनस धरू नका. 1960च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो. हॉर्नला आणि टेस्ट लॅम्पला त्याने फरक पडत नाही, मीटर फक्त उणे आकडा दाखवतो.

घोगऱ्या आवाजासाठी मीटरच हवा, आणि मोजायचं ते हॉर्न वाजत असताना. करंटच वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. कुणाला तरी बटण दाबायला सांगा. बॅटरीच्या जिवंत पोस्टपासून हॉर्नच्या जिवंत टर्मिनलपर्यंत, आणि दुसऱ्या टर्मिनलपासून अर्थ पोस्टपर्यंत, दोन्हीकडे अर्धा व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली की त्या बाजूचे जोड एकेक करून तपासा. सापडला की रंग पॉलिशपेपरने नाण्याएवढ्या जागेत लोखंड दिसेपर्यंत काढा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज धरेल.

उलटी तक्रारही येते: वळताना हॉर्न आपोआप वाजतो. कॉलममधली वायर घासून उघडी पडलेली असते, किंवा बटणाखालचं फायबरचं वॉशर परत बसवायचं राहिलेलं असतं. फ्यूज का उडत नाही? कारण शॉर्टच्या वाटेत हॉर्न स्वतःच लोड म्हणून बसलेला आहे.

फ्यूजवरून आठवलं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा आकडा उडण्याचा आहे, सतत चालण्याचा साधारण 17. त्या जागी आजचा 35 अँपिअरचा फ्यूज घातलात तर तो उडायच्या आधी वायर तापेल. 15 किंवा 20 चा घाला.

हॉर्नच दोषी निघाला, तर बहुधा आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडलेले असतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेला हॉर्न लाकडाच्या दांड्याने हलकं टोकल्यावर जागा होतो, तो त्यामुळेच. लुकासच्या हॉर्नला टर्मिनलजवळ छोटा दातेरी स्क्रू असतो. दुसऱ्या हॉर्नची वायर काढून टेप लावा, हॉर्न वाजवत हा स्क्रू उलटा फिरवा; आवाज बंद होतो न होतो तिथून पाव फेरा सुलटा. एका वेळी दोन-तीन सेकंदच वाजवा. मधला खाचेचा मोठा गाभा मात्र हलवू नका. या स्क्रूने सूर बदलत नाही, फक्त झीज भरून निघते. सूर जुळवायच्या नादात चांगले हॉर्न बिघडवलेले पुष्कळ बघायला मिळतात. हॉर्न त्याच्या लवचिक पट्टीवरच टांगा. कडा बंपरला किंवा ग्रिलला टेकली की आवाज गुदमरतो.

मूळ बटण वाचवायचं असेल तर चार पिनांचा रिले लावा, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच. बॅटरीपासून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 2.5 चौरस मिमीची वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनेवर, 87 वरून हॉर्नला, 86 ला जिवंत वायर, 85 ला बटणाची वायर. हॉर्नचं दुसरं टर्मिनल आता थेट बॉडीला. बटणाची वायर हॉर्नवरच राहिली, तर सगळा भार पुन्हा बटणावरच येतो. प्लस अर्थच्या गाडीत आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेला रिले घ्या.

सहा व्होल्टच्या गाडीत हेच सगळं दुप्पट कडक पाळा. तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट लागतो, आणि 16 अँपिअरला 0.1 ओहमसुद्धा 1.6 व्होल्ट खातो, म्हणजे पावपेक्षा जास्त. तिथे 12 व्होल्टचा हॉर्न कण्हतो. उलट, 12 व्होल्टवर बदललेल्या गाडीत 6 व्होल्टचा मूळ हॉर्न तसाच ठेवलात, तर सुरुवातीला तो झकास वाजेल आणि थोड्याच दिवसांत कॉइल जळेल.