सोयाबीन पिवळं दिसलं की युरिया टाकायच्या आधी एक झाड उकरून बघा

काल खालच्या पट्टीतलं सोयाबीन तीस दिवसांचं झालं म्हणून सकाळी खुरपं आणि बादली घेऊन गेलो आणि पाच ठिकाणची पाच झाडं मातीच्या ढेकळासकट उकरून काढली. उकरून म्हणतोय, उपटून नाही, कारण ओल्या काळ्या रानात झाड उपटलं की मुळावरच्या गाठी, ज्या हवेतला नत्र म्हणजे नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, मातीतच तुटून राहतात आणि मग आपल्याला वाटतं गाठी आल्याच नाहीत. बादलीत मुळं हळूहळू हलवून धुतली, तर सोटमुळाच्या वरच्या भागाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गोल गाठी. एक नखानं चिरली. आतून लालसर गुलाबी. इतका आनंद मला हिरव्यागार रानाचा फोटो बघूनही होत नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे तीन वर्षांपूर्वी मी केलेली चूक. तेव्हा अठरा-वीस दिवसांचं पीक फिकट पिवळं पडलं, मी घाबरलो आणि आप्पा नको म्हणत असतानाही युरिया फेकला. आठ दिवसांत रान काळंभोर झालं, लोक विचारायला लागले काय टाकलंस. फुलोऱ्यात सहज एक झाड काढलं तर मुळावर मोजून चार-पाच गाठी, त्याही बारक्या आणि आतून पांढऱ्या. तेव्हापासून वाचायला लागलो, विचारायला लागलो, आणि कळलं की त्या पिवळेपणाला थोडं थांबायला हवं होतं. बियाच्या डाळिंब्यांमधली शिदोरी संपलेली असते आणि गाठींचं काम अजून सुरू झालेलं नसतं, त्या मधल्या दिवसांत झाड फिकट दिसू शकतं. नेमका तेव्हाच मी जमिनीत आयता नत्र ओतला, आणि आयता नत्र मिळाला की झाड गाठी करतच नाही किंवा कमी करतं, कारण गाठ सांभाळणं झाडाला फुकट पडत नाही.

आता ही गाठ बनते कशी ते सांगतो, मला हा भाग फार आवडतो. नत्राची भूक असलेलं मूळ मातीत फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. ती ओळखणारे रायझोबियम जातीचे बॅक्टेरिया मुळाकडे येतात आणि उलटा सिग्नल म्हणून स्वतःचं एक द्रव्य सोडतात, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. ही ओळख ठरलेलीच असते, हरभऱ्याचा बॅक्टेरिया सोयाबीनला चालत नाही. सिग्नल पटला की मुळावरचा केसासारखा तंतू टोकाला छत्रीच्या मुठीसारखा वळतो, बॅक्टेरिया त्या वळणात अडकतात आणि झाड आतल्या बाजूनं त्यांच्यासाठी एक बारीक नळी तयार करत नेतं, ते त्या नळीतून वाढत वाढत आत जातात, आणि ते पोचायच्या आधीच आतल्या पेशी विभागायला लागलेल्या असतात, म्हणजे पाहुणा दारात असतानाच घर बांधायला घेतलेलं असतं. (भुईमुगाचं वेगळंय, तिथे ते उपमुळं फुटताना पडणाऱ्या भेगांमधून शिरतात.) शेवटी पेशीच्या आत बॅक्टेरियांभोवती झाडाचाच एक पातळ पडदा असतो आणि तिथे ते नत्र ओढायला लागतात.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं असे घट्ट धरलेले असतात की पिकाला तो थेट घेता येत नाही. हाच बंध तोडायला खताच्या कारखान्यात ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो, आणि गाठ तेच काम आपल्या रानातल्या मातीच्या तापमानाला करते. नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम ते करतं, त्यात लोह आणि मॉलिब्डेनम लागतं. खर्च मात्र होतोच, नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, किमान १६ रेणू जातात, आणि त्याचं इंधन पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतून येतं.

त्यात एक मोठी अडचण आहे. हे एन्झाइम ऑक्सिजननं खराब होतं आणि बॅक्टेरियाला तर श्वासासाठी ऑक्सिजन हवाच. झाडानं यावर काढलेला मार्ग म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातलं, जे ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुरवतं. गाठीचा लाल रंग त्याचाच. १९३९ साली जपानमध्ये कुबो यांनी सोयाबीनच्या गाठीतूनच तो ओळखला. म्हणून गाठ चिरून बघायची: लाल-गुलाबी म्हणजे काम चालू, पांढरी म्हणजे अजून सुरू नाही किंवा त्यातले बॅक्टेरिया कामाचे नाहीत, हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी झाली. शेंगा भरताना गाठी हिरवट व्हायला लागतात तेव्हा घाबरायचं नाही.

अजून एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरला, म्हणजे बॅक्टेरिया खातोय पण नत्र देऊच शकत नाही. झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि तिथल्या बॅक्टेरियाची वाढ निम्म्यावर आली. मातीखाली इतका चोख हिशोब चालतो.

रानातलं सांगायचं तर पिवळेपणाची कारणं वेगवेगळी असतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात ती खूप दिसते, तिथे युरियाचा उपयोग नाही. पाणी साचलं असेल तर गाठीला हवा मिळत नाही, आधी चर काढून पाणी बाहेर काढा. गाठ बोटानं सुटली तर ती आपली, मूळच सुजल्यासारखं असेल आणि गाठ सुटत नसेल तर सूत्रकृमी. आणि पेरणीला बियाण्याला जिवाणू संवर्धक (गाठी करणाऱ्या बॅक्टेरियाचं पाकीट) लावताना बुरशीनाशक आधी, संवर्धक सगळ्यात शेवटी, गुळाचं पाणी पूर्ण थंड झाल्यावर, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. पाकीट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणलं तर आतले जिवाणू वाटेतच मरतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

आप्पांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "हेच की रे, बेवड." हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये बर्लिनला गाठी आणि नत्राचा संबंध मांडला आणि १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठीतला बॅक्टेरिया वेगळा काढून वाढवला, पण कडधान्यावर ज्वारी चांगली येते, म्हणजे बेवड, हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतंच. फक्त एका बाबतीत मी आप्पांशी वाद घातला. गाठींनी कमावलेला बराचसा नत्र दाण्यात जातो आणि दाणे बाजारात जातात, रानाला मिळतो तो गळालेल्या पानांतून आणि मुळांतून. आणि आम्ही दरवर्षी हरभरा मुळासकट उपटतो, भुसकटाबरोबर मुळंही खळ्यावर जातात.

"मग काय, विळ्यानं कापायचा?" आप्पांनी विचारलं.

"एक पट्टी कापू आप्पा, एक उपटू. पुढच्या खरिपात शेजारी शेजारी ज्वारी पेरून बघू."

दोन्ही पट्ट्यांच्या बांधाला त्यांनी कालच खुणेचे दगड लावून टाकले.